तिच्या अक्षरातली जाहिरात

माझ्या बायकोचं अक्षर सुंदर आहे, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं तेव्हा आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं किराण्याच्या यादीत आणि शटरला लावायच्या ‘जेवायला गेलो आहे’च्या चिठ्ठीवर ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी पहिल्यापासून मठ्ठच.

जव्हारला एसटी स्टँडच्या वरच्या अंगाला आमचं पत्रिकांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांत घर. लग्नाच्या पत्रिका, बारशाची कार्डं, दहाव्याचे कागद, बॅनर आणि हंगाम नसला की अर्जांचं टायपिंग. एकदा जामसरहून एक म्हातारा मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आला. मी मोठ्या हौसेने चांगला ठसठशीत टाइप निवडला, सोनेरी शाई लावली. त्याने प्रूफ हातात घेतलं, लांब धरलं, परत जवळ आणलं आणि म्हणाला, “ही तं नोटीस दिसते. लोकं घाबरतील.”

मला राग आला. पण त्याचं खरं होतं. त्याच्या पाड्यावर छापील मराठी येते ती जंगल खात्याकडून, नाहीतर कोर्टाकडून. छापील कागद आला की पाड्यावरची माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग वाचणारा शोधतात. बायको आतून भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली, हात पुसला, एक कोरा कागद घेतला आणि त्याची अख्खी पत्रिका स्वतःच्या अक्षरात लिहून काढली. म्हाताऱ्याने ती बघितली आणि म्हणाला, “ही बोलावते. बाईचं अक्षर लई देखणं.” मी तोच कागद स्कॅन करून छापला. पुढच्या हंगामात निम्मी गिऱ्हाइकं ‘बाईच्या अक्षरातली’ पत्रिका मागायला लागली.

दर वेळी हाताने लिहून तिचं मनगट दुखायला लागलं, तेव्हा तिनेच हट्ट धरला की याचा फॉन्ट करू. लग्नं बंद असतात त्या दिवसांत, दोन पावसाळे ती बसली. एकेक अक्षर कागदावर लिहायचं, स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर त्याची कड ओढायची. काने, मात्रा, रफार, पाय मोडलेली अक्षरं. जोडाक्षरांनी तिचा जीव खाल्ला. फॉन्ट तयार झाला त्या दिवशी तिने पहिली गोष्ट काय केली, तर दुकानाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नेहमीचं अक्षर काढून आपलं बसवलं. मग बातम्या, बाजारभाव, भरल्या वांग्याची कृती, सगळं तिच्या अक्षरात दिसायला लागलं. मी म्हटलं, “म्हणजे आता अख्खं जग तूच लिहिलंस म्हणायचं.” ती म्हणाली, “मग? तुमच्या भरवशावर ठेवलं असतं तर शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असत्या.”

तिचं माहेर मोखाड्याचं. तिकडे बोहाड्याच्या जत्रेत देवांची सोंगं नाचतात तेव्हा मुखवट्याखाली कोण आहे, हे ती पायांवरून सांगायची. “तोंड झाकलंय हो, पण टाच तीच आहे. हा आमच्या गल्लीतला.” मी पैज लावायचो आणि दर वेळी हरायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला हेच कुणीतरी वेगळ्या शब्दांत समजावून सांगितलं आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

मागच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून घरचे उपाय केले, मग इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या, मग नाशिक. नाशिकला तिचा धाकटा भाऊ असतो, एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो. मोठ्या डॉक्टरांनी तिला वजन करायला बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मला आणि तिच्या भावाला सांगितलं. गाठ आहे, पसरली आहे, कापण्यासारखी राहिलेली नाही, काही महिने आहेत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पेशंटला एवढ्यात सांगू नका. धीर सुटला की महिन्यांचे आठवडे होतात.” मी मान हलवली. मेहुण्याने हलवली. बाहेर ती वजनकाट्यावरून उतरत होती आणि नर्सला म्हणत होती, “काटा खराब आहे तुमचा, इतकी कमी नाहीये मी.”

आम्ही तिला सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे आणि गोळ्यांनी उतरेल. येताना त्र्यंबकच्या घाटात ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी ठरवलं. आयुष्यात मी फार काही मागितलेलं नाही. आता एकच हवं होतं: हिला कळू नये. जितके महिने असतील तितके तिने पत्रिका लावत, माझ्या चुका काढत घालवावेत, दिवस मोजत बसू नये. त्यासाठी लागेल तेवढं खोटं बोलायची माझी तयारी होती.

पण मला तर कळायला हवं होतं. पुढे काय होतं, दुखायला लागलं तर काय द्यायचं, जेवण तुटलं तर काय करायचं, रात्रीबेरात्री जव्हारात कोण मिळेल. विचारणार कुणाला? इथे एका मेडिकलवाल्याला विचारलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेला माहीत. राहिला कॉम्प्युटर. आणि आमच्या घरात खाजगी असं काही नव्हतंच. कॉम्प्युटर एक, पासवर्ड एक. माझ्या मोबाइलवर गिऱ्हाइकांचे फोन यायचे, ते तीच उचलायची. मी काही शोधलं की तिला आपोआप कळायचं. एकदा मी गुपचूप गुडघेदुखीच्या तेलाची चौकशी केली, तर आठवडाभर तिला दर पानावर तेलाच्या बाटल्या दिसत होत्या. “गुडघा दुखतो तर सांगायचं ना,” म्हणाली. “जाहिरातवाल्यांना सांगता, बायकोला नाही.”

मेहुणा एका रविवारी बहिणीला भेटायला म्हणून आला आणि ती आडवी झाली तेवढ्यात त्याने काम उरकलं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. एका खिडकीत उघडतो, त्याचा वेगळा पडदा, वेगळा ब्राउझर, सगळं वेगळं. आत काय केलं ते बाहेर उमटत नाही. त्याने मला एक जास्तीचं सिमकार्डही आणून दिलं, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरचं इंटरनेटसुद्धा निराळं. पोरगं हुशार. जाताना दारात मला दोनदा बजावलं, “दाजी, एक लक्षात ठेवा. आतला कॉम्प्युटर कोरा आहे, कोराच ठेवा. तुमची कुठली सवय आत नेऊ नका.”

मी म्हटलं, “मी कशाला नेतोय सवयी?”

दुपारी जेवण झालं की ती गोळी घेऊन तासभर झोपायची. तो माझा तास. शटर अर्धं ओढायचो, आतला कॉम्प्युटर उघडायचो आणि वाचायचो. पहिले चार दिवस मला काही वाचताच आलं नाही. शब्द कळत होते. पण ते कोरं, काटकुळं, सरकारी अक्षर. ‘शेवटच्या टप्प्यात रुग्णाचे अन्न कमी होते.’ मी ती ओळ वाचायचो आणि जामसरच्या म्हाताऱ्यासारखा मान मागे घ्यायचो. नोटीस होती ती. घरावर आलेली नोटीस. पुढचं वाचायला डोळे तयार व्हायचे नाहीत, मी उठून पाणी पीत बसायचो आणि तास निघून जायचा.

पाचव्या दिवशी मी तिचा फॉन्ट आतल्या कॉम्प्युटरमध्ये टाकला. सेटिंगमध्ये जाऊन, जसं तिने बाहेर केलं होतं तसंच, नेहमीचं अक्षर काढून तिचं बसवलं. आणि मला वाचता आलं. अन्न कमी होतं, पाय सुजतात, झोप वाढते, जबरदस्तीने भरवू नये. सगळं तिच्या गोल गोल अक्षरात. आपल्या माणसाने शेजारी बसून सांगावं तसं वाटलं. मी रडलो, पण वाचलं. मेहुण्याने बजावलेलं आठवलं नाही असं नाही. आठवलं. मला वाटलं, अक्षराने काय होतंय? मी काही नाव नाही लिहिलेलं, नंबर नाही दिलेला. नुसतं तर अक्षर बदललंय.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. मला घरात एक बदल दिसायला लागला आणि मूर्खासारखा मी त्याने खूश झालो. बायकोला एकदम हुशारी आली. सकाळी माझ्याआधी उठून शटर उघडायला लागली. मला नाचणीची आंबील, गरम भाकरी, तुपाची धार. “तुम्ही बसा, कागदाचं कटिंग मी करते.” गठ्ठे मला उचलू देईना. स्वतः दोन घास खाऊन उठायची, पण माझ्या ताटाकडे टक लावून बसायची. माझं वजन उतरलं होतं, तेही तिने बोलून दाखवलं. मी मेहुण्याला फोन करून सांगितलं की गोळ्या लागू पडल्या, तुझी ताई दुकान चालवतेय. तो नुसता ‘हं’ म्हणाला. एका संध्याकाळी तिनेच हट्ट करून मला स्कूटरवर शिरपामाळला नेलं. वर वारा होता. पर्यटक फोटो काढत होते. तिने माझा हात धरला, जो तिने चारचौघांत कधी धरला नव्हता, आणि म्हणाली, “आपण किती कमी फिरलो नाही का?” मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून बोलतेय. एवढं डोकं असलेला माणूस मी.

मग तो मंगळवार आला. वांगणीचं एक गिऱ्हाईक प्रूफ बघून गेलं. दुपारचे बारा वाजले असतील, रस्त्यावर वडापच्या जीपवाल्यांची प्रवासी भरायची ओरड चालली होती. तिने ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. बरोबर लाल पेन. आमच्याकडे प्रूफ तपासायला द्यायची हीच रीत. मी चष्मा लावला.

पत्रिका नव्हती. जाहिरात होती. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आलेली, तिने पडद्याचा फोटो काढून छापलेली, तीही पत्रिकेच्या जाड कागदावर. ‘घरी रुग्ण आहे का? शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांची घरपोच काळजी.’ अक्षर तिचंच. तिने स्वतः लिहिल्यासारखं.

“तीन आठवडे येतेय,” ती म्हणाली. “दर पानावर. आधी मला वाटलं चुकून येत असेल. पण आपल्याकडे चुकून काही येत नाही, तेलाचं बघितलंय मी. मी शोधलेलं नाही. मग तुम्ही शोधलंय.”

मी कागद उलटा घातला.

“नाशिकला माझे रिपोर्ट आणायला म्हणून एकटे जाता. जेवत नाही. दुपारी शटर ओढून बसता. डोळे लाल असतात. मला काय कळत नाही का?” तिने कागदावर बोट ठेवलं. “मला माझ्या त्या सुजेचं कौतुक करत बसवलंत आणि स्वतःचं लपवलंत. कधी कळलं तुम्हाला? खरं सांगा. कुठे आहे? पोटात आहे का?”

तिला वाटत होतं मी मरतोय.

आता मागे वळून बघताना मला शंभर उत्तरं सुचतात. गिऱ्हाइकासाठी शोधलं होतं म्हणायचं. कुणा लांबच्या आत्याचं नाव घ्यायचं. फार तर ‘हो, मलाच झालंय’ म्हणून टाकायचं. तेच बरं झालं असतं, ती माझी काळजी करत करत गेली असती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं की ही बिचारी तीन आठवडे माझ्यासाठी झुरतेय. मला इतकं वाईट वाटलं आणि तिला त्यातून सोडवायची इतकी घाई झाली, की मी बोलून गेलो, “अगं वेडे, मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. तुझी शपथ.”

तिचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगतो, उजळला. तिने छातीवर हात ठेवला, श्वास सोडला, “अहो, मग आधी” असं काहीतरी म्हणायला लागली आणि थांबली.

घरात आम्ही दोघंच. तिसरं कुणी नाही.

तिने तो कागद परत आपल्याकडे ओढून घेतला. एकदा वाचला, ओठ हलवत, जसं गिऱ्हाइकांची नावं तपासायची तसं. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण तिने हाताने थांब म्हणून खूण केली. मग तिने विचारलं, “माझ्या भावाला माहिती आहे?” मी होय म्हणून मान हलवली. “बरं,” म्हणाली. वांगणीच्या पत्रिकेचं प्रूफ उचललं आणि त्यात मुलाच्या मामाचं नाव चुकलं होतं, त्याखाली लाल रेघ मारली.

मेहुण्याला मी त्याच दिवशी फोन लावला आणि त्याला नको नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “दाजी, आत काही बदललं होतंत का?” मी सांगितलं.

“नाव, नंबर विचारत नाहीत हो ते जाहिरातवाले,” तो म्हणाला. “ब्राउझर आपणहून काय काय सांगतो ते टिपून घेतात. पडदा केवढा, घड्याळ कुठलं, भाषा कुठली. पान उघडलं की आपल्याला न दाखवता एक ओळ लिहवून घेतात आणि मोजतात, किती लांब झाली, कशी उमटली. सगळ्यांचे तेच दोन-चार फॉन्ट असतात, ओळ सारखीच येते, माणूस गर्दीत मिसळून जातो. ताईचा फॉन्ट जगात दोनच ठिकाणी होता. बाहेरच्या कॉम्प्युटरवर आणि आतल्या. मी खात्रीने नाही सांगू शकत, पण त्यांनी दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या असतील आणि म्हणाले असतील, हा एकच माणूस.” मग म्हणाला, “बोहाड्यासारखं आहे दाजी. सोंग चढवलंत, पण टाच ताईची राहिली.”

ते ऐकून मी फोन ठेवून दिला.

बायकोला मी फॉन्टचं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, “सरकारी अक्षरात वाचलं असतंत तर काय डोळे फुटले असते तुमचे?” आणि हसली. मग हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला आणि बराच वेळ तो काढला नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. धीर सुटला. शटर उघडायला उठणारी बाई चार दिवसांत अंथरुणाला लागली. आठवडे राहिले आणि तेही फार नाही. ज्या गोष्टी मी चोरून वाचल्या होत्या त्या एकेक करून समोर आल्या, त्याच क्रमाने, आणि त्यातली एकही मला आधी माहीत असल्याने सोपी झाली नाही. शेवटी शेवटी ती फॉन्टबद्दल बोलायची. काही जोडाक्षरं राहिली होती, पत्रिकेत सहसा न लागणारी. “तेवढी करायला हवी होती हो. सूज उतरली की करू म्हणून ठेवली.” मी म्हणायचो, करू. ती माझ्याकडे बघायची. आता माझं खोटं चालत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं, तरी मी म्हणायचो.

तिच्या दहाव्याचा कागद मी तिच्याच अक्षरात छापला. बरेच जण म्हणाले, शेवटपर्यंत हात किती स्थिर होता.

मेहुणा परवा आला होता. त्याने आतला कॉम्प्युटर पुसून टाकला आणि म्हणाला, “दाजी, बाहेरच्या ब्राउझरमधूनही तो फॉन्ट काढा. साधा ठेवा, सगळ्यांचा असतो तो. मग तुम्हाला कुणी ओळखणार नाही, जाहिराती थांबतील.” मी हो म्हटलं. तो गेल्यावर सेटिंग उघडलं, आणि तसंच बंद केलं.

जाहिरातवाल्यांना अजून कळलेलं नाही. ओळखतात म्हणे सगळं, पण एवढं ओळखत नाहीत. रोज सकाळी दुकान उघडून बाजारभाव बघायला बसलो की कोपऱ्यात तिच्या अक्षरात येतं, ‘घरी रुग्ण आहे का?’

नाही. घरी मीच आहे. मला काही झालेलं नाही.